आत्याबाईंचा परतीचा रस्ता

मुलांनो, डोळे मिटा. नको, थांबा, मिटलेत तर पुढचं वाचाल कसे? उघडेच ठेवा आणि मनातल्या मनात इतके छोटे व्हा, की मोटारीच्या बॅटरीत मावाल. झालात? आता तुम्ही वीज आहात. आत अंधार आहे, दाटीवाटी आहे, कुणाचं कोपर कुणाच्या नाकात आहे. एवढ्यात बाहेर कुणीतरी बटण दाबतं आणि दार उघडतं. तुम्ही सगळे एकदम सुटता, बोटाएवढ्या जाड तारेतून धावत जाता आणि पुढे एक मोटर असते तिला जोर लावून फिरवता. ती फिरली की इंजिन फिरतं, खोकतं, शिंकतं आणि जागं होतं. तुमचं काम संपलं. आता तुम्ही काय कराल? घरी जाल. घर म्हणजे पुन्हा तीच बॅटरी, फक्त दार दुसऱ्या बाजूचं.

आता विजेचा एक स्वभाव सांगतो. आपण माणसं आधी घराबाहेर पडतो आणि परत कसं यायचं ते मागाहून बघतो. वीज तसं करत नाही. परतीचा रस्ता मोकळा नसेल तर ती उंबरठ्याबाहेर पाऊलच टाकत नाही. शाळेत मी हे इतकी वर्षं शिकवलं, की वर्गातल्या फळ्यालाही ते पाठ झालं असेल. मला मात्र ते खरं कधी कळलं, ते आज सांगायचं आहे. सुरुवात होते एका रंगाच्या डब्यापासून.

आमच्याकडे एक मोटार आहे. मोटार म्हणजे मोटारच, हल्लीची कार नव्हे. गोल डोळे, फुगलेले गाल, लांब नाक, आणि दार लावलं की तिजोरी बंद केल्यासारखा आवाज. ती माझ्या सासऱ्यांची. त्यांच्यामागे आजीकडे आली. (आजी म्हणजे माझी बायको. तुम्हाला गोष्ट सांगतोय म्हणून तुमच्या सोयीने आजी.) मोटारीचं नाव आत्याबाई. कारण एकदा येऊन बसल्या की हलायचं नाव घेत नाहीत, आणि कुणी घाई केली की घुश्शात धूर सोडतात. त्यांना चालवते आजी. मला चालवता येत नाही. मी शेजारी बसतो आणि वळण आलं की खिडकीतून हात बाहेर काढतो. हे काम मी अतिशय मन लावून करतो.

चालवणाऱ्याच्या सीटवर एक चपटी उशी आहे. आजी लहानपणी गाडी शिकायला बसली तेव्हा तिचे पाय पेडलपर्यंत पोचेनात, म्हणून तिच्या वडिलांनी ती पाठीमागे ठेवली. उशीचा रंग उडाला, कापूस बसला, आजीचे पाय केव्हाच पोचले. पण उशी तिथेच राहिली. आणि आमची नात, जिला आम्ही भुंगा म्हणतो कारण एकदा प्रश्न विचारायला लागली की डोकं पोखरते, तिला आजीने शब्द दिला होता, "तुझे पाय पोचले की याच उशीला टेकून शिकायचं." तेव्हापासून भुंगा शाळेतून आली की दप्तर टाकून आधी आत्याबाईंत बसते आणि पाय लांब करून बघते. अजून बरंच अंतर आहे. पण दर वाढदिवसाला ते कमी होतंय, असं तिचं म्हणणं आहे.

तर एके दिवशी नोटीस आली. जुन्या गाड्यांची तपासणी होणार. पास झाली तर रस्त्यावर, नापास झाली तर नोंदणी रद्द आणि गाडी भंगारात. आजीने नोटीस वाचली, घडी घालून ठेवली आणि आत्याबाईंचं स्टिअरिंग पुसत बसली.

तसं घाबरायचं कारण नव्हतं. आत्याबाई त्या वेळी ठणठणीत चालत होत्या. पण मी बॉनेट उघडलं आणि आतला गंज बघून मला राहवेना.

"तपासणीस आत डोकावणार," मी म्हणालो. "आतून रंग द्यायला हवा."

"अहो, चालतेय ना? मग कशाला हात लावताय?" आजी म्हणाली.

"अगं, नीटनेटकेपणाला वेगळे गुण असतात."

मी जन्मभर मुलांच्या वह्यांवर हेच लिहिलं होतं, त्यामुळे माघार घेणं शक्य नव्हतं. मी ब्रश आणला. वरवर रंग फासणाऱ्यांतला मी नव्हे. एकेक नट सोडवला, पट्ट्या आणि कड्या बाजूला केल्या, त्यांच्या खालचा गंज घासला, थरावर थर देऊन जाडजूड काळा रंग लावला, तो वाळल्यावर सगळं होतं तसं घट्ट बसवलं. जिथे कुणाची नजर जाणार नाही तिथेसुद्धा रंग. बॉनेटखालचा भाग असा चमकत होता, की भुंग्याने त्यात बघून वेणी घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी बसली, किल्ली फिरवली, बटण दाबलं.

टक्.

पुन्हा दाबलं. टक्. बस, एवढंच. एखाद्याला हाक मारावी आणि त्याने नुसता जिभेचा आवाज करावा, तसं.

आता एक ध्यानात ठेवा. तुमच्याकडे पाहुणे आले तर शेजारी डोकावतीलच असं नाही, पण तुमची गाडी बंद पडली तर सगळे येतात. पहिले आले दातांचे डॉक्टर. ते वरच्या मजल्यावर राहतात आणि कुठल्याही वस्तूकडे तिने आ केल्यासारखं बघतात. त्यांनी बॅटरीवर बोटाने टकटक केलं.

"दुखतंय का?" असं ते विचारतात की काय, असं मला वाटलं. पण ते म्हणाले, "गेली ही. किडलेलं ठेवू नये, काढून टाकावं."

आमच्या सोसायटीचे सचिव म्हणाले, "सर, गाडी पार्किंगमध्ये उभी आहे, की पडून आहे? दोन्हीचे नियम वेगळे आहेत."

आणि मग डॉक्टर ते वाक्य बोलले, जे पुढे बरेच दिवस माझ्या घशात अडकून राहिलं. "सर, तुम्ही तर शाळेत वीजच शिकवायचात ना?"

मी नवी बॅटरी आणली. टक्. जुनी बॅटरी दुकानदाराने तपासली आणि म्हणाला, "काका, हिला काय झालंय? ही अजून तुमच्याआधी पळेल." मग सचिवांच्या सल्ल्याने स्टार्टर, म्हणजे ती इंजिन फिरवणारी मोटर, काढली आणि भाजीच्या पिशवीत घालून मोटरी दुरुस्त करणाऱ्या वाइंडरच्या दुकानात नेली. भुंगा पिशवीचा एक बंद धरून होती. वाइंडरने मोटर जमिनीवर ठेवून पायाने दाबून धरली आणि बॅटरीच्या दोन जाड तारा तिला नुसत्या टेकवल्या. काय सांगू! ती लोखंडी वस्तू जिवंत झाली. गरर्रकन फिरून अशी उसळली, की पायाखालून सुटून स्टुलावर आदळली आणि स्टुलावरचा चहा वाइंडरच्या विजारीवर. तो ओरडला, मी माफी मागितली, आणि भुंगा जागच्या जागी उभी राहून तोंड उघडं टाकून बघत होती.

"आजोबा, हिच्यात एवढं बळ आहे?"

"आहे."

"मग आत्याबाईंत बसल्यावर गप्प का राहते?"

मी वाइंडरच्या विजारीकडे बघत म्हटलं, "आधी चहाचं बघू."

मोटर परत बसवली. टक्.

आणि तपासणीचा दिवस उजाडला. (पूर्वी पुढून हँडल मारून गाडी चालू करता यायची. पण ते हँडल सासऱ्यांनी कुणाला तरी दिलं होतं, आणि तो कुणीतरी काही परत आला नाही.) शेवटी सगळ्यांनी मिळून धक्का मारायचं ठरलं. डॉक्टर, सचिव, मी, इस्त्रीवाला आणि एक गृहस्थ, जे दुसऱ्याच इमारतीचा पत्ता विचारायला आले होते. आजी आणि भुंगा आत. "हं, जोर लावा!" आणि उताराला आत्याबाई दोनदा आचके देऊन धडधडत सुरू झाल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एवढ्यात लक्षात आलं, की थांबलं तर पुन्हा बंद पडतील म्हणून आजी काही थांबत नाहीये. मग मी, एक सेवानिवृत्त शिक्षक, एक चप्पल सोडून भर रस्त्यात गाडीच्या बाजूने धावलो आणि उघड्या दारातून आत पडलो. पडल्या पडल्या खिडकीतून हात बाहेर काढला, कारण पुढे वळण होतं.

तपासणी केंद्रावर भली मोठी रांग. इंजिन बंद करायचं नाही म्हणून आत्याबाई धूर सोडत उभ्या, मागचे लोक खोकत उभे. अखेर तपासणीस आले. उंच, वाळकुडे, खिशाला चार पेनं. त्यांनी दिवे बघितले, ब्रेक बघितले, बॉनेट उघडून बघितलं. "आतून छान रंगवलीय," ते म्हणाले. मी आजीकडे बघितलं. आजीने माझ्याकडे बघितलं नाही.

"आता बंद करा."

"बंद?" आजी म्हणाली.

"बंद करून चालू करायची. नियम आहे."

आजीने बंद केली. मग बटण दाबलं. त्या भल्यामोठ्या आवारात तेवढंच ऐकू आलं. टक्.

"साहेब, धक्का दिला की मस्त चालते," मी म्हणालो.

"धक्का दिल्यावर हातगाडीही चालते," तपासणीस शांतपणे म्हणाले. "पण हातगाडीची खिडकी पलीकडे आहे." मग बहुधा आजीच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला. "बाई, पुढच्या आठवड्यात शेवटची तारीख देतो. त्यानंतर माझ्या हातात काही नाही."

आवारात धक्क्याला उतार नव्हता, म्हणून घरी येताना आत्याबाई साखळीने ओढून आणल्या. आजी स्टिअरिंग धरून बसली होती. पाठीमागची उशी तिने काढून मांडीवर घेतली होती.

त्या आठवड्यात आमच्या पार्किंगला जत्रेची कळा आली. जो तो येऊन बॉनेटमध्ये डोकं घाली आणि काहीतरी सांगून जाई. पेट्रोल बदला. हवा बदला. जागा बदला. डॉक्टर रोज सकाळी जाताना विचारत, "काही हालचाल?" मी नवीन बटण बसवलं, जाड तार बदलली. आत्याबाईंचं उत्तर तेच.

शेवटी मी सगळ्यांना हात जोडले, बॉनेटवर खडूने 'वर्ग चालू आहे' असं लिहिलं आणि भुंग्याला म्हटलं, "चल, आता सुरुवातीपासून शिकू. तू चोक ओढून धर, आजी बटण दाबेल, मी दिवे बघतो." चोक म्हणजे डॅशबोर्डवरची एक धातूची मूठ. ती ओढली की तिच्यामागची बारीक तार थेट इंजिनापर्यंत खेचली जाते आणि थंड इंजिनाला पेट्रोल थोडं जास्त मिळतं.

मी पुढचे दिवे लावायला सांगितले. लख्ख लागले. "आता दाब." टक्. दिवे जेमतेम लुकलुकले.

"बघितलंस?" मी म्हणालो. "मोटरला वीज लागते पोत्याने. ती सगळी वीज निघाली असती तर दिव्यांचं तोंड उतरलं असतं. दिवे तर मजेत आहेत. याचा अर्थ काय?"

भुंगा विचार करून म्हणाली, "वीज घरातून निघालीच नाही."

"शाबास. का नाही निघाली?"

"ते मला काय माहीत? पण आजोबा, चोक गरम झालाय."

"तुझा हात गरम असेल."

"नाही, चोकच. परवाही झाला होता."

"मग परवा सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, आधी बॅटरीचं होऊ दे."

स्टिअरिंगमागून आजी हसली. त्या आठवड्यात पहिल्यांदाच. मी आत वाकलो आणि त्या मुठीला हात लावला. मुलांनो, चहाचा कप धरावा तशी ती मूठ ऊन लागत होती. ज्या तारेचा विजेशी काडीचा संबंध नाही, जी नुसती ओढायची दोरी आहे, ती तापलेली! आपण रिकाम्या घरात आहोत असं समजावं आणि आतून कुणीतरी खाकरावं, तसं झालं.

मी घरात धावलो आणि माझा जुना शाळेतला दिवा घेऊन आलो. दिवा म्हणजे एक छोटा बल्ब आणि त्याला दोन तारा, बस. एक टोक इंजिनाला लावलं. दुसरं गाडीच्या अंगाला, एक कोपरा खरवडून, लोखंडाला. भुंगा म्हणाली, "हे काय? इकडेही लोखंड, तिकडेही लोखंड. दिवा कसा लागेल?"

"लागता कामा नये. दोन्हींच्या मध्ये काहीच असायला नको. आजी, दाब."

टक्. आणि दिवा लागला.

एवढासा पिवळा दिवा, लोखंडाच्या दोन तुकड्यांच्या मध्ये, जिथे काहीच नसायला हवं तिथे. आजीने बोट उचललं, विझला. दाबलं, लागला. भुंगा इतक्या जवळ गेली की तिच्या श्वासाने काच धुरकट झाली. "आजोबा," ती कुजबुजली, "इथे कुणीतरी आहे."

"आहे," मीही कुजबुजलो. का कुजबुजलो कुणास ठाऊक. "इथे वीज अडकलीय."

आणि मग मला सगळं दिसलं. मोटारीत परतीची वेगळी तार नसते. गाडीचं सबंध लोखंडी अंग हाच परतीचा रस्ता. पण इंजिन बसलेलं असतं रबरावर. इंजिनावरून अंगावर उतरायला एक तांब्याची विणलेली पट्टी असते, पुलासारखी. ती पट्टी मी सोडवली होती. तिच्याखालचा गंज घासला होता. आणि तिथे, कुणाचीही नजर जाणार नाही अशा त्या जागी, नीटनेटकेपणाने, रंगाचे जाड थर दिले होते. रंगातून वीज जात नाही. मी पुलाच्या तोंडाशी भिंत बांधली होती आणि वर तिला चकाकी आणली होती.

"मग चोक?" भुंगा म्हणाली.

"पूल बंद झाल्यावर वीज काय करेल? बोळ शोधेल. चोकची तार इंजिनाला टेकते आणि दुसऱ्या टोकाला गाडीच्या अंगाला. एवढीशी तार! तिच्यातून सगळी गर्दी घरी जायला बघत होती. रेटारेटीने तार तापली, पण गर्दी काही पार होईना."

"पण धक्का मारल्यावर गाडी चालायची ती कशी?"

बघा, याला म्हणतात भुंगा. "धक्का दिला की मोटरचं काम आपणच करतो. मग उरते फक्त ठिणगी. तिला थोडीशीच वीज पुरते. तेवढी बोळातून सहज जाते."

भुंग्याने चोकच्या तारेवरून हळूच बोट फिरवलं. "बिचारी," ती म्हणाली. ते तारेला म्हणाली, विजेला म्हणाली, की मला, मी विचारलं नाही.

एवढ्यात डॉक्टर जिन्यावरून उतरले. "काय सर, काही हालचाल?"

"खालचा रंग खरवडल्याशिवाय पट्टी बसवली होती," आजी म्हणाली. "तुम्ही नाही का, दात नीट कोरून घेतल्याशिवाय सिमेंट भरलं तर होतं, तसं." डॉक्टरांना ते तत्काळ पटलं आणि ते माझ्याकडे, दात न घासणाऱ्या पेशंटकडे बघावं तसं, बघत गेले.

मी नट सोडवला. पट्टी बाजूला केली. भुंग्याने सँडपेपर घेतला आणि माझा तो सुंदर रंग जीव तोडून घासला. खालून लोखंड आलं, पांढरंशुभ्र. पट्टीही दोन्ही टोकांना घासली. नट आवळला. आजी उशीला टेकून बसली आणि किल्ली फिरवून बटण दाबलं.

दिवे एकदम मंदावले. आणि आत्याबाई, काय सांगू तुम्हाला, अंगभर थरारल्या. घरर्र घरर्र, आणि धडाड! पार्किंगमधली कबुतरं उडाली. आजीने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि मान खाली घातली. भुंग्याने बॉनेटवर तळवे टेकवले होते. गाडी थरथरत होती, तिचे हात थरथरत होते, आणि मला एवढंच कळत होतं, की मी जन्मभर फळ्यावर जो बाण काढत आलो, तो आत्ता या क्षणी या लोखंडातून, माझ्या नातीच्या हाताखालून धावतोय. बॅटरीपासून बॅटरीपर्यंत. इतकी वर्षं बाण काढला आणि कधी हात लावून बघितला नव्हता.

शेवटच्या तारखेला आम्ही कुणाच्याही धक्क्याशिवाय निघालो. मी दोन्ही चपला घालून बसलो होतो, भुंगा आमच्या दोघांच्या मध्ये. तपासणीस आले, खिशाला तीच चार पेनं.

"बंद करा."

बंद केली.

"चालू करा."

आजीने बटण दाबलं. आत्याबाई गरजल्या. रांगेतले लोक वळून बघायला लागले. तपासणीसांनी भुवया वर केल्या, शिक्का शाईवर दाबला, उचलला, आणि कागदावर मारण्याआधी म्हणाले, "काय केलंत?"

मी घसा साफ केला. मुलांनो, एवढ्या वर्षांनी वर्ग मिळाला होता. "त्याचं असं आहे, साहेब, की विजेचा स्वभाव..."

"आजोबा, असं सांगून नाही कळत," भुंगा म्हणाली.

आणि तिने हात लांब करून किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं.

शिक्का अजून हवेतच होता. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न दिला. भुंग्याने तपासणीसांचा मोकळा हात मनगटाला धरून खिडकीतून आत ओढला, चोकच्या मुठीवर नीट ठेवला आणि वर आपला हात ठेवला.

"काका, आता गार आहे ना? लक्ष ठेवा हं. गारच राहिला पाहिजे."

तपासणीस वाकून, गुपचूप, लक्ष ठेवून उभे राहिले.

मग भुंगा वळली, किल्ली पुन्हा फिरवून म्हणाली, "आजी, दाब."